हरभऱ्यात एचएएनपीव्ही मारूनही घाटेअळी दरवर्षी का उरते? काय काय तपासायचं ते सविस्तर

दरवर्षी डिसेंबर संपत आला की तीच तक्रार. हरभरा फुलावर होता, एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा व्हायरस, म्हणजे विषाणू) मारला, तीन दिवस झाले, अळी जशीच्या तशी घाट्यात तोंड खुपसून खातेय, मग दुकानदार म्हणतो हे जैविक वगैरे काही कामाचं नसतं, शेवटी इमामेक्टिन हे रासायनिक औषध आणून मारलं. आणि पुढच्या वर्षी परत सगळं पहिल्यापासून. मराठवाडा-विदर्भातल्या बऱ्याच वावरांत मी हे बघितलंय आणि मला मनापासून वाटतं की यात व्हायरसचा दोष फार कमी वेळा असतो, आपण त्याला कीटकनाशकासारखं वापरतो तिथं सगळं फसतं. कुठं कुठं फसतं ते एकेक करून लिहितो, तुमच्या वावराशी ताडून बघा.

आधी हे औषध काम कसं करतं ते नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. एचएएनपीव्ही म्हणजे घाटेअळीला होणाऱ्या एका रोगाचा विषाणू. अळीच्या अंगावर पडून तिला काही होत नाही, तो पोटात गेला पाहिजे. विषाणूचे कण प्रथिनाच्या कवचात बंद असतात, फवारलेलं पान अळीने खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कलीने ते कवच विरघळतं, विषाणू बाहेर पडतो, आतड्याच्या पेशींत घुसतो आणि तिथून अंगभर वाढत जातो. याला वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस अळी खातच असते, मग खाणं मंदावतं, अंग फिकट, पिवळट-गुलाबी आणि फुगल्यासारखं दिसायला लागतं, आणि मरायच्या आधी ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि पोटाखालच्या पायांनी फांदी धरून उलटी लटकते. हात लावला की कातडी फुटून आतून पातळ पाणी निघतं. त्या पाण्यात परत कोट्यवधी कण असतात, ते खालच्या पानांवर ओघळतात, दुसऱ्या अळ्या ती पानं खातात आणि रोग पुढं जातो.

म्हणजे पहिली गोष्ट, निकाल तिसऱ्या दिवशी बघायचा नाही. बारीक अळी असेल तर पाचव्या दिवसापासून बघा, आणि डिसेंबर-जानेवारीची कडाक्याची थंडी असेल तर आठवडा किंवा त्याहून जास्तही लागतो, कारण थंडीत अळी हळू खाते आणि विषाणूही तिच्या अंगात हळू वाढतो. तिसऱ्या दिवशी घाबरून रासायनिक मारलं तर रोग लागलेल्या अळ्या फुटायच्या आधीच मरतात, व्हायरस वावरात पसरायचा राहून जातो, दोन्ही औषधांचा पैसा जातो आणि वर नाव व्हायरसचं खराब होतं.

आता अळी कोणती आहे ते बघा. हे ऐकायला सोपं वाटतं पण इथं बरेच जण चुकतात. एचएएनपीव्ही फक्त घाटेअळीवर चालतो, म्हणजे हेलिकोव्हर्पावर, जी कापसात हिरवी (अमेरिकन) बोंडअळी म्हणून आणि तुरीत शेंगा पोखरणारी म्हणून आपल्याला भेटते तीच. हरभरा लहान असताना, फुलं यायच्या आधी, कोवळ्या पानांवर झुंडीने अळ्या दिसल्या, पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी केलेली आणि थोडं जाळं पण विणलेलं, तर ती बहुतेक स्पोडोप्टेरा आहे, तिची अंडी पुंजक्यात असतात आणि वर केसांचं आवरण असतं. तिला या व्हायरसने काहीच होणार नाही. रोपं जमिनीलगत रात्रीतून कापलेली दिसत असतील तर ती कुरतडणारी अळी, दिवसा मातीत लपते, तिच्यासाठी पण हा इलाज नाही. घाटेअळीचं अंडं एकेकटं असतं, खसखशीच्या दाण्याएवढं पिवळट पांढरं, शेंड्यावर, कळीवर, कोवळ्या पानावर. अळीच्या रंगावर जाऊ नका, हिरवी, तपकिरी, गुलाबीसर अशी कुठल्याही रंगाची मिळते, अंगाच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टे असतात ते बघा. आणि अर्धं अंग घाट्यात, अर्धं बाहेर अशी दिसली तर शंकाच नको.

सगळ्यात जास्त फसतं ते अळीच्या आकारावर. माझ्या मते दहातल्या सात-आठ तक्रारी इथंच संपतात. अंड्यातून निघालेली अळी पानावर खरवडत खाते, तिला अगदी थोडा विषाणू पुरतो. तीच अळी बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की तिला मारायला कैक पटीने जास्त डोस लागतो, तेवढा पानावर आपण टाकूच शकत नाही, आणि तोपर्यंत ती घाट्यात तोंड घालून बसलेली असते, फवारलेलं पान खातच नाही. एक अळी तिच्या आयुष्यात साधारण ३० ते ४० घाटे खराब करते आणि त्यातलं बहुतेक नुकसान शेवटच्या मोठ्या अवस्थेत होतं. म्हणजे आपल्याला अळी 'दिसते' तेव्हा व्हायरसची वेळ निघून गेलेली असते. व्हायरस मारायचा तो अंडी आणि डोळे ताणून बघावी लागणारी बारीक अळी असताना.

ती वेळ कळणार कशी? कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे. हेक्टरी पाच, पिकाच्या थोडे वर, फुलं यायच्या आधीपासून लावायचे आणि रोज सकाळी मोजायचे, नुसते लावून विसरायचे नाहीत. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात ८ ते १० पतंग यायला लागले की समजायचं पुढच्या आठवड्यात शेंड्यांवर अंडी आणि बारीक अळी असणार. ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली तर अजून लक्ष ठेवा. मग वावरात फिरायचं, दहा-बारा ठिकाणी एक-एक मीटर ओळ नीट बघायची, शेंडे उलटून. मीटरभर ओळीत एक-दोन बारीक अळ्या मिळाल्या की फवारा. आपल्या राज्यात २००८ साली सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप, म्हणजे गावोगाव किडींवर लक्ष ठेवून सल्ला द्यायचं सरकारी काम सुरू झालं, त्यात हरभरा पण आहे, तेव्हा तुमच्या भागातल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा आसपासच्या गावांत पतंग किती येताहेत, दोन दिवस आधी कळलं तरी खूप फरक पडतो. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, पण वेळेवर बदला, तीन आठवड्यांच्या वर जुना ल्युअर म्हणजे सापळा रिकामा आणि आपण निर्धास्त.

फवारायची वेळ संध्याकाळची. ऊन हा या विषाणूचा मोठा शत्रू आहे, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो मरतो, सकाळी नऊ-दहाला फवारलात तर दिवसभराचं ऊन त्याच्यावरच पडणार. चारनंतर सुरू करा, अंधार पडेपर्यंत जेवढं होईल तेवढं. म्हणजे निदान पूर्ण रात्र अळीला खायला मिळते. द्रावणात लिटरला पाच ग्रॅम गूळ आणि एक ग्रॅम कपड्याची नीळ टाकायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे, गुळामुळं चिकटतं आणि अळी आवडीनं खाते, नीळ उन्हापासून थोडं वाचवते. गूळ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून कपड्याने गाळून घ्या नाहीतर नोझल चोकअप होऊन अर्धी संध्याकाळ त्यातच जाते. हे सगळं केलं तरी दोन-तीन दिवसांत पानावरच्या विषाणूची ताकद बरीच उतरते, शिवाय हरभरा वाढतच असतो, नवीन शेंडे नवीन फुलं बिनाफवारलेली येतात. म्हणून एका फवारणीवर भागत नाही, सात-आठ दिवसांनी दुसरी लागतेच, अंडी घालणं चालू असेल तर तिसरीही.

हरभऱ्याची अजून एक खास अडचण आहे जी कापूस-टोमॅटोवाल्यांना नसते, ती म्हणजे आंब. पहाटे धोतर किंवा पांढरं फडकं झाडांवरून फिरवून पिळून आंब गोळा करतात ती सगळ्यांना माहीत आहे, पोटदुखीवर घेतात. ही आंब म्हणजे पानांवरच्या बारीक केसांतून सुटणारं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. शिवाय हरभऱ्याच्या पानात असे काही घटक आहेत जे या विषाणूला निकामी करतात, त्यामुळं तोच व्हायरस टोमॅटोवर जेवढा चालतो तेवढा हरभऱ्यावर चालत नाही, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. याचा अर्थ सोडून द्यायचं असा नाही, याचा अर्थ हरभऱ्यात डोस आणि वेळ याच्यात ढिलाई अजिबात चालत नाही. आणि याच आंबेमुळं ट्रायकोकार्ड (किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक मित्रकीटकांचे कार्ड) हरभऱ्यात जवळपास वायाच जातात, ते बारीक ट्रायकोग्रामा पानावरच्या केसांत आणि आम्लात अडकतात, अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. टोमॅटोत जरूर लावा, हरभऱ्यात त्याच्यावर पैसे घालू नका असंच मी सांगेन, कुणी कितीही आग्रह केला तरी.

डोसचा घोळ. याच्यावर जरा थांबून वाचा. शिफारस असते एलई मध्ये, हेक्टरी ५०० एलई म्हणजे एकरी २००. एक एलई म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका रोगट अळीतून निघणारा विषाणू, तो ६०० कोटी कण धरतात. बाटली मात्र आपण मिलीमध्ये घेतो. काही बाटल्या अशा असतात की एका मिलीत एक एलई बसतो, पण बऱ्याच बाटल्यांवर एका मिलीत १०० कोटी कण असं लिहिलेलं असतं, म्हणजे अशा सहा मिलीत मिळून एक एलई झाला. आता '२०० एलई' ऐकून कुणी दुसऱ्या प्रकारच्या बाटलीतून २०० मिली टाकले तर सहावा हिस्सा डोस गेला, मग अळी कशी मरेल? म्हणून बाटलीवर कणांची संख्या वाचा, ती नसेल तर ती बाटली घेऊच नका, आणि हिशोब जमत नसेल तर बाटलीच्या लेबलचा फोटो कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्राच्या माणसाला पाठवून विचारा, ते सांगतात.

पाणी पण मोजा. एकरी २०० लिटर पाणी म्हणजे पाठीवरच्या १५-१६ लिटरच्या पंपाने बारा-तेरा पंप. आपल्याकडं सहा-सात पंपांत एकर उरकतात, मजुरीही वाचते आणि पायही. रासायनिक औषधात ते कधी कधी खपून जातं, यात नाही, कारण हा झाडात शोषला जात नाही, जिथं थेंब पडला तिथंच विषाणू. शेंडे, कळ्या, पानाची खालची बाजू ओली झाली पाहिजे, हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) नोझल बारीक ठेवा आणि हळू चाला. ब्लीचिंग पावडर टाकलेलं टाकीचं पाणी वापरू नका, क्लोरीनने विषाणू मरतो. चुना असलेलं काहीही, बोर्डो वगैरे, सोबत मिसळायचं नाही. निंबोळी अर्क मी वेगळा मारायला सांगतो, फूल लागायला सुरुवात झाली की आधी ५ टक्के निंबोळी अर्क, त्याने पतंग अंडी कमी घालतात, आणि चार-पाच दिवसांनी व्हायरस. दोन्ही एकत्र केलं तर निंबोळीच्या कडूपणाने अळीचं खाणंच कमी होतं आणि आपल्याला तर तिने खायला हवंय.

बाटली कुठून आली, कुठं ठेवली होती हे विचारायला लाजू नका. हा द्रव थंड आणि अंधारात राहायला पाहिजे. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर फळीवर पडलेली बाटली म्हणजे तारीख शिल्लक असली तरी आतला माल अर्धमेला. बाटली फुगलेली असेल, उघडताना गॅस सुटत असेल तर परत करा. नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत बघा. शक्य असेल तर कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जैविक प्रयोगशाळेतून ताजी घ्या, दसरा-दिवाळीच्या आसपासच मागणी नोंदवून ठेवा कारण ऐन डिसेंबरमध्ये गेलात तर संपलेलं असतं.

वावरातले जे आपले मजूर फुकट काम करतात त्यांना आधीच मारून टाकलं असेल तर एकटा व्हायरस पुरा पडत नाही. हरभऱ्यात कॅम्पोलेटिस नावाची एक बारीक गांधीलमाशीसारखी माशी असते, ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते, अळी मोठी व्हायच्या आतच मरते आणि शेजारी पानाला चिकटलेला तांदळाच्या दाण्याएवढा करडा-पांढरा कोष दिसतो. बरेच जण तो अळीचा कोष समजून चिरडतात. घाटेअळीचा कोष जमिनीत असतो, झाडावर नाही, म्हणजे झाडावरचा तो कोष मित्राचा आहे, राहू द्या. पेरणीच्या वेळी मधे मधे धने किंवा जवसाची ओळ टाकली की तिच्या फुलांवर या माश्या टिकतात. आणि हरभरा महिन्याचा असताना 'एक सेफ्टी फवारा' म्हणून सायपरमेथ्रीनवालं मिश्रण मारायची जी सवय लागलीय ती सोडा अशी माझी हात जोडून विनंती आहे, घाटेअळी सायपरमेथ्रीनसारख्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना कित्येक वर्षांपासून दाद देत नाही, मरतात त्या या माश्या.

पक्ष्यांसाठी थांबे लावा, इंग्रजी टी च्या आकाराच्या काड्या, हेक्टरी वीसेक, किंवा बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरा, तिची ताटं वर निघतात. कोतवाल, साळुंक्या, बगळे मोठी अळी वेचतात, जिथं व्हायरस कमी पडतो तिथं बरोबर ते कामाला येतात. शिवाय रोगट अळी खाल्लेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून विषाणू दुसरीकडं पसरतो, पक्ष्याला त्याचं काही होत नाही. दाणे भरायला लागले की मात्र थांबे काढून घ्या.

आता 'दरवर्षी परत का' याचं मूळ. ही अळी हरभऱ्यात जन्माला येत नाही, ती कापसातून तुरीवर आणि तुरीतून हरभऱ्यावर येते, उन्हाळ्यात टोमॅटोवर जाते. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. बांधापलीकडची तूर डिसेंबरात शेंगांनी लगडलेली असेल आणि तिच्यात काहीच केलेलं नसेल तर तुमच्या हरभऱ्यात पतंगांचा पुरवठा चालूच राहणार. तूर हलवून अळ्या खाली ताडपत्रीवर पाडायच्या आणि कोंबड्यांना टाकायच्या, हे जुनं काम अजून पण चालतं. उशिरा पेरलेला हरभरा जास्त मार खातो, ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा यात पेरणी आटपली तर बरंच टळतं. भाजीसाठी शेंडे खुडतो त्यात पण अंडी निघून जातात. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की जमिनीतले कोष वर येऊन उन्हाने आणि बगळ्यांनी संपतात. पण हे एकट्याने करून अर्धंच साधतं, पतंग उडून येतो. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात १९९० च्या दशकाच्या शेवटी कापसावर सगळ्या गावाने मिळून एकात्मिक कीड नियंत्रण केलं होतं, एचएएनपीव्ही त्यातही होता, आणि तसं शिवारभर एकाच आठवड्यात झालं तर फरक डोळ्यांना दिसतो.

व्हायरस महाग पडतो म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात कसाव्यावर, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या पिकावर, मांदारोव्हा नावाची मोठी अळी अख्खी पानं खाऊन टाकते. तिथले शेतकरी १९८० च्या दशकापासून तिचाच विषाणू तिच्यावर वापरतात, वावरात रोगाने मेलेल्या अळ्या गोळा करायच्या, फ्रीझरमध्ये ठेवायच्या, पुढच्या वेळी वाटून, गाळून पाण्यात मिसळून फवारायच्या. आपल्याकडं पण हे होऊ शकतं. शेंड्याला लटकलेल्या, अजून न फुटलेल्या अळ्या पहाटे चिमट्याने वेचा, थोड्या पाण्यात वाटा, मलमलच्या कपड्यातून गाळा आणि त्याच संध्याकाळी फवारा. एकरी २०० एलई म्हणजे पूर्ण वाढलेल्या दोनशे अळ्या हा हिशोब लक्षात ठेवा, बारीक अळ्यांत तेवढा माल नसतो, जास्त लागतील. जिवंत अळ्या पाळून व्हायरस वाढवायचा असेल तर भिजवलेल्या हरभऱ्यावर विषाणूचं पाणी लावून खायला देतात, फक्त प्रत्येक अळी वेगळ्या डबीत, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. घरच्या मालाची ताकद मोजता येत नाही म्हणून पहिल्या फवारणीला बाटलीतला वापरा आणि दुसऱ्या-तिसऱ्याला घरचा.

आणि हे वाचताना ज्यांच्या वावरात आजच मोठ्या अळ्या आहेत, घाट्यांना भोकं पडलीत, त्यांनी आता व्हायरसच्या मागं लागू नका. सकाळी माणसं लावून मोठ्या अळ्या वेचून घ्या, थांबे नसतील तर आजच लावा, आणि शंभरात पाचपेक्षा जास्त घाटे भोकाचे असतील तर इमामेक्टिन किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल लेबलवरच्या प्रमाणात एकदा मारा, दोन-तीन औषधांची खिचडी करू नका. एक काळजी मात्र घ्याच. हेच दिवस ढाळे, म्हणजे हिरव्या घाट्यांची झाडं, खायचे असतात, येणारा-जाणारा वावरातून चार झाडं उपटून खात जातो, पोरं तर बांधावरच बसलेली असतात. व्हायरस मारला होता तोपर्यंत त्यात माणसाला धोका नव्हता, रासायनिक मारल्यावर लेबलवर दिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत तो हरभरा कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका, बांधावर लाल कापड लावा, शेजाऱ्यांना तोंडी सांगा, आणि बाजारात ढाळ्याच्या पेंढ्या न्यायचा विचार असेल तर त्या न फवारलेल्या पट्ट्यातून काढा.